पोटातील केसांचा गोळा : एक झाकलेला विकार

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्येचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या विकाराची सुबोध ओळख करून देणारा लेख असावा, ही प्रथा योग्यच आहे. आपण दिलेल्या पैशाचे नेमके काय होते हे केवळ आकड्यांवरून कळत नाही. मात्र यंदा निवडलेला विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल, याची जाणीव आहे. स्वतःच्या डोक्याचे केस उपटणे, ते खाणे आणि कालांतराने त्या केसांचा जठरात गोळा तयार होणे, असा हा विकार आहे.

वर्तमानपत्रांतून अधूनमधून अशी बातमी येते. मुलीच्या पोटातून केसांचा मोठा गोळा काढला, वजन इतके, लांबी इतकी, आणि शेजारी तबकात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचे छायाचित्र. वाचक क्षणभर शहारतो आणि पान उलटतो. ती मुलगी तिथवर कशी पोहोचली, आणि टाके निघाल्यावर घरी जाऊन तिचे काय झाले, हे त्या बातमीत नसते. प्रस्तुत लेखात तसे छायाचित्र बुद्ध्याच दिलेले नाही. बातमीत जे नसते, त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. केस उपटण्याच्या अनिवार ऊर्मीला वैद्यकात ‘ट्रायकोटिलोमॅनिया’ म्हणतात. हे नाव फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलोपो यांनी १८८९ साली दिले. उपटलेले केस खाण्याच्या सवयीला ‘ट्रायकोफेजिया’ आणि पोटात साचलेल्या केसांच्या गोळ्याला ‘ट्रायकोबेझोआर’ असे नाव आहे. या तीन पायऱ्या आहेत. पण पहिल्या पायरीवरचा प्रत्येक जण तिसरीपर्यंत जातोच असे नाही. साधारणतः शंभरातील एक वा दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी केस उपटण्याचा विकार जडतो. त्यांपैकी थोडेच केस तोंडात घालतात, आणि गोळा होण्याइतके केस गिळणारे तर फारच थोडे. म्हणजे गोळा दुर्मीळ आहे, परंतु त्याच्यामागची सवय आपण समजतो तितकी दुर्मीळ नाही. गोळा झालेल्या रुग्णांत सुमारे दहांपैकी नऊ मुली वा तरुण स्त्रिया असतात, आणि बहुतेकींचे वय दहा ते वीसच्या आसपास असते. लांब केस ठेवण्याची रीत हे त्याचे एक साधे कारण आहे; आखूड केस जठरात तितके अडकत नाहीत.

केस पचत का नाहीत?

जेवताना वरणभातातून एखादा केस पोटात गेला तर काय होईल, अशी भीती अनेकांना वाटते. काहीही होत नाही. असा एकटादुकटा केस अन्नाबरोबर पुढे सरकतो आणि मलावाटे निघून जातो. अडचण होते ती रोज, महिनोन्‌महिने, पुष्कळ केस पोटात गेल्याने.

केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. आपली नखे, गाईची शिंगे आणि पक्ष्यांची पिसे हीसुद्धा याच कुळातली. केराटिनच्या धाग्यांना गंधकाचे बंध एकमेकांशी घट्ट जखडून ठेवतात. केस जळल्यावर जो विशिष्ट उग्र वास येतो, तो या गंधकामुळेच. मांस, डाळ, दूध यांतील प्रथिनांचे तुकडे करणारे जठरातील पेप्सिन या बंधांपुढे हतबल ठरते. जठरातील आम्ल तीव्र असते, तरीही त्याने केस विरघळत नाहीत. केसांचा रंग तेवढा बदलतो. म्हणून रुग्णाचे केस भुरे असोत वा पिकलेले, शस्त्रक्रियेत निघणारा गोळा काळाच दिसतो.

न पचणारी वस्तू पुढे ढकलून देण्याची सोयही शरीरात आहे. जठर अन्न घुसळते, बारीक झालेला लगदा खालच्या अरुंद द्वारातून लहान आतड्यात जातो, आणि उरलासुरला चोथा उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी उठणाऱ्या जोरकस लाटेबरोबर झाडून नेला जातो. बिया, साली, चुकून गिळलेले मणी बहुधा असेच निघून जातात. केस मात्र लांब, बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे त्या लाटेच्या पकडीत येत नाहीत. ते जठराच्या आतील घड्यांमध्ये रुतून बसतात. न्हाणीघरातील मोरीच्या जाळीत काय होते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पहिले चार केस अडकतात, त्यांत साबणाचा बुळबुळीत थर बसतो, त्यात पुढचे केस गुंततात, आणि एके दिवशी पाणी तुंबते. जठरातही तसेच घडते. साबणाच्या जागी तेथे श्लेष्मा आणि अन्नातील स्निग्ध पदार्थ असतात. जठराच्या घुसळण्यामुळे हे सारे पिळले जाऊन नमद्यासारखे घट्ट होते. अडकलेले अन्न कुजते, आणि म्हणूनच अशा मुलींच्या तोंडाला कितीही दात घासले तरी न जाणारी दुर्गंधी येते.

गोळा वाढत वाढत हळूहळू जठराचाच आकार घेतो. तो किती वाढू शकतो? २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये शिकागो येथील एका अठरा वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध झाली होती. तिच्या जठरातून काढलेल्या गोळ्याचे वजन साडेचार किलो होते आणि लांबी ३७.५ सेंटिमीटर. नवजात बालकापेक्षाही अधिक भार पोटात घेऊन ती वावरत होती.

कधी कधी गोळा जठरापुरता राहत नाही. त्याला केसांची शेपटी फुटते आणि ती लहान आतड्यात दूरवर उतरते. या प्रकाराला १९६८ साली व्हॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रॅपन्झेल सिंड्रोम’ असे नाव दिले. ग्रिम बंधूंच्या परीकथेत मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल आपली लांब वेणी खिडकीतून खाली सोडते, त्यावरून हे नाव आले. नाव गोड आहे. विकार मात्र घातक आहे. परकराची नाडी घट्ट ओढली की कापडाच्या चुण्या एका जागी गोळा होतात, तसे आतडे या ताणलेल्या शेपटीवर गोळा होऊ लागते. आतडे ती शेपटी पुढे ढकलू पाहते, पण तिचे वरचे टोक जठरातल्या गोळ्याला बांधलेले असते. या ओढाताणीत दोरी आतड्याच्या भिंतीला कापत जाते आणि छिद्रे पडू शकतात. आतड्यात आतडे शिरून बसणे, पित्तनलिकेच्या मुखाशी अडथळा येऊन कावीळ होणे, स्वादुपिंडाला सूज येणे, अशा गुंतागुंतीही नोंदल्या गेल्या आहेत.

जुन्या ग्रंथांतील नोंदी

केसांमुळे पोटात अडथळा होतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. चरकसंहितेत उदररोगांच्या अध्यायात ‘बद्धगुदोदर’ या प्रकाराच्या कारणांमध्ये अन्नाबरोबर पोटात गेलेल्या केसांचा निर्देश आहे. सुश्रुतांनी तर त्यावरील शस्त्रकर्मच सांगितले आहे. बेंबीच्या खाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर उघडावे, चार अंगुळे आतडी बाहेर काढून निरखावीत, अडथळा करणारा खडा, केस वा मळ दूर करावा, मध व तूप लावून आतडी पूर्ववत ठेवावीत आणि बाहेरील जखम शिवावी, असा त्याचा आशय आहे. भूल आणि जंतुनाशके नसलेल्या काळातील हे वर्णन आजचा शल्यचिकित्सकही आदराने वाचतो. तथापि या आचार्यांच्या दृष्टीने केस अन्नातून नकळत जात होते. माणूस ते स्वतःहून खातो हा विचार तेथे नाही.

‘बेझोआर’ या शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे, आणि त्याचा एक धागा थेट गोव्याशी जुळतो. मूळ फारसी शब्द ‘पादजहर’, म्हणजे विषावरील उतारा. बकरी, हरिण अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात केस वा वनस्पतींच्या तंतूंभोवती थर साचून जे खडे तयार होतात, ते विषहारक मानले जात आणि त्यांना मोठी किंमत येई. गोव्यात वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या खड्यांची चर्चा केली आहे. अस्सल खडे अपुरे पडू लागल्यावर सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइटांनी माती, शिंपल्यांची पूड, कस्तुरी, अंबर इत्यादींचे कृत्रिम खडे बनवून त्यांवर सोनेरी वर्ख चढविला. ‘गोवा स्टोन’ या नावाने ते युरोपात विकले जात. सोन्याच्या नक्षीदार पेटीत ठेवलेला असा एक खडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहावयास मिळतो. लोक तो खरवडून पाण्यातून घेत. (आपल्याकडील गोरोचन हे मात्र गुरांच्या पित्ताशयातील खडे होत, त्यांचा येथे संबंध नाही.) प्राण्याच्या पोटात सापडला तर औषध आणि माणसाच्या पोटात सापडला तर लाज, असा या एका वस्तूचा दुहेरी इतिहास आहे. माणसातील केसांच्या गोळ्याचे पहिले वैद्यकीय वर्णन बोदामां यांनी १७७९ साली केले, आणि शस्त्रक्रियेने तो यशस्वीपणे काढण्याचा मान १८८३ साली जर्मन शल्यचिकित्सक शोनबोर्न यांना मिळाला.

उशीर का होतो?

या विकाराची सुरुवातीची लक्षणे अगदी सामान्य असतात. थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. वरच्या पोटात दुखते, मळमळते, जेवणानंतर उलटी होते. वजन घटते, चेहरा पांढुरका पडतो, दम लागतो. परीक्षेचा ताण, जागरण, बाहेरचे खाणे, जंत, पित्त, अशी कारणे घरी शोधली जातात आणि तसे उपचारही होतात. रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघते व लोहाच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्याने जठराचा पृष्ठभाग सतत घासला जाऊन व्रण होतात व रक्त झिरपत राहते, शिवाय अन्न नीट शोषले जात नाही. त्यामुळे लोह, ब-१२ जीवनसत्त्व आणि प्रथिने तिन्ही घटतात. पोटात गाठ हाताला लागू लागल्यावर क्षयाची किंवा अर्बुदाची शंका येते. आपल्या देशात पोटाचा क्षय पुष्कळ आढळतो, त्यामुळे ती शंका अवाजवी नाही. परंतु त्या वाटेने गेले की आणखी काही महिने जातात.

निदानाची किल्ली बहुधा पोटात नसून डोक्यावर असते. तज्ज्ञाने केस विंचरून पाहिले तर ज्या हाताने मुलगी लिहिते त्या बाजूला विरळ झालेला पट्टा दिसतो, आणि त्या पट्ट्यात कमी-अधिक लांबीचे तुटके केस असतात. चाई पडल्यावर त्वचा अगदी गुळगुळीत होते. येथे तसे नसते. भुवया वा पापण्याही विरळ झालेल्या आढळतात. पण मुली केस घट्ट बांधून, भांग बदलून, रुमाल गुंडाळून हे मोठ्या कौशल्याने लपवितात. विचारले तर नाही म्हणतात. पुष्कळदा आईला ठाऊक असते. तीही सांगत नाही. ‘लोक काय म्हणतील’ याच्या पाठोपाठ ‘पुढे हिचे लग्न कसे जमेल’ हा प्रश्न तिच्या मनात उभा असतो, आणि तो प्रश्न निरर्थक आहे असे म्हणणे रुग्णालयाच्या चार भिंतींत सोपे असले तरी तिच्या गावी सोपे नसते. म्हणून हा प्रश्न आईला वेगळे बसवून, आणि मुलीलाही वेगळे बसवून, हलक्या आवाजात विचारावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मनोविकारावरील उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क रुग्णाला आहे, हे त्याच वेळी सांगितले तर पुष्कळ घरे बोलती होतात.

तपासण्यांविषयी थोडक्यात. सोनोग्राफीत गोळ्याच्या वरच्या पृष्ठभागाची चकाकती कमान दिसते आणि तिच्या मागचे सारे झाकोळून जाते. सीटी स्कॅनमध्ये जठराच्या भिंतीपासून सुटा असलेला, हवेच्या बुडबुड्यांनी ठिपकेदार झालेला गोळा स्पष्ट होतो व शेपटी कुठवर गेली आहे याचाही अंदाज येतो. तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिले की शंका उरत नाही.

गोळा काढणे

नातेवाईक हमखास विचारतात, औषधाने हा गोळा विरघळणार नाही का? फळांच्या व भाज्यांच्या तंतूंचे जे गोळे होतात, त्यांतील काही कोकाकोलासारख्या पेयाने मऊ पडून फुटतात, हे खरे आहे. केसांच्या गोळ्यावर त्याचा उपयोग होत नाही. एरंडेल वा तीव्र रेचक देऊन तो खाली उतरविण्याचा घरगुती प्रयत्न तर कदापि करू नये; अडथळ्यापुढे जोर लावल्यास आतडे फाटण्याचा धोका असतो. पोट फुगणे, हिरवट उलट्या होणे, वारा न सरणे ही लक्षणे दिसली तर रात्र उलटण्याचीही वाट पाहू नये.

दुर्बिणीतून गोळा काढता येईल का, हा दुसरा प्रश्न. २०१० साली नेदरलँड्समधील शल्यचिकित्सकांनी जगभरातील १०८ रुग्णांच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र तपासल्या. तोंडावाटे दुर्बिणीने प्रयत्न झाला त्यांपैकी अवघ्या ५ टक्के प्रयत्नांत गोळा निघाला. पोटाला छोटी छिद्रे पाडून केलेल्या शस्त्रक्रियेत यशाचे प्रमाण ७५ टक्के, आणि नेहमीप्रमाणे पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ९९ टक्के होते. गोळ्याचे तुकडे करताना ते आतड्यात निसटू शकतात, आणि छिद्रांतून काम करताना कुजलेले केस पोटाच्या पोकळीत सांडू शकतात. म्हणूनच ‘मोठी चीर’ ऐकून घाबरणाऱ्या पालकांना हे सांगणे प्राप्त आहे की, या विकारात जुनी पद्धत हीच बहुधा सुरक्षित पद्धत ठरते.

शस्त्रक्रियेत जठराच्या पुढील भिंतीला छेद देऊन गोळा अखंड बाहेर काढतात. शेपटी असल्यास ती हलक्या हाताने मागे ओढून घेतात. ती तुटत असेल तर आतड्याला आणखी एखादा छेद द्यावा लागतो. यानंतरची पायरी पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या मते शल्यचिकित्सकाची खरी कसोटी तीच. संपूर्ण लहान आतडे बोटांमधून सरकवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपून पाहायचे. तुटून पुढे गेलेला छोटासा गोळा तेथे राहून गेला, तर काही दिवसांत आतडे पुन्हा अडते आणि दुसऱ्यांदा पोट उघडावे लागते. पुढे काही दिवस तोंडाने काही देत नाहीत. वारा सरला की पाणी, मग पेज, वरणाचे पाणी, मऊ भात असा क्रम असतो. गुंतागुंत नसेल तर साधारण आठवड्याभरात मुलगी घरी जाते. तिला भूक लागते, वजन वाढू लागते, चेहऱ्यावर रंग येतो. पालक पेढे घेऊन येतात, आणि पुष्कळदा त्यानंतर येत नाहीत.

गोळा काढल्यानंतर

वास्तविक उपचाराचा अधिक कठीण भाग येथून पुढे सुरू होतो. केस उपटण्याची ऊर्मी शल्यचिकित्सेने जात नाही. ती तशीच राहिली तर जठरात पुन्हा केस साचू शकतात. दुसऱ्यांदा गोळा झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ही ऊर्मी म्हणजे हट्ट नव्हे, घाणेरडेपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात तिला मंत्रचळाशी संबंधित विकारांच्या गटात ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरणही तिला त्याच गटात ठेवते. नखे कुरतडणे, त्वचा खरवडणे ही तिचीच भावंडे. ताण, कंटाळा किंवा एकटेपणा आला की हात नकळत डोक्याकडे जातो. विशिष्ट पोताचा केस बोटांना सापडतो, तो उपटल्यावर क्षणभर हायसे वाटते, मुळाशी असलेला मऊ भाग दातांखाली चावला जातो आणि केस गिळला जातो. मग लाज वाटते, लाजेने ताण वाढतो, आणि हात पुन्हा वर जातो. कित्येक मुलींना अभ्यास करताना वा दूरचित्रवाणी पाहताना आपण केस उपटत आहोत याचे भानही नसते. चार-पाच वर्षांखालील बालकांत दिसणारी अशी सवय बहुधा आपोआप सुटते. शाळकरी वयात सुरू झालेली मात्र सहसा सुटत नाही.

लोहाच्या कमतरतेचाही येथे संबंध असू शकतो. पाटीवरची पेन्सिल, माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ लोह कमी असलेल्या मुलांत व गर्भवतींत दिसते, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते. काही रुग्णांत केस खाणेही त्याच जातीचे असते आणि लोह भरून निघाल्यावर ते ओसरते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी शस्त्रक्रियेनंतरही सोडू नये.

मुख्य उपचार वर्तनाचा आहे. एझरिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली ‘सवय उलटविण्याची’ पद्धत आजही सर्वाधिक उपयोगी मानली जाते. प्रथम हात केव्हा, कोठे, कोणत्या मनःस्थितीत वर जातो याची मुलीने स्वतः वहीत नोंद करावयाची. मग ऊर्मी येताच मूठ मिटून मिनिटभर घट्ट धरावयाची, किंवा ज्यात बोटे गुंततील असे काही हाती घ्यावयाचे. आपल्या घरांत अशा कामांचा तुटवडा नाही. वाती वळणे, शेंगा सोलणे, क्रोशाचे विणकाम, मण्यांची माळ ओवणे, यांतील जे तिला आवडेल ते. अभ्यासाच्या वेळी डोक्याला रुमाल, झोपताना सुती हातमोजे, नखे कापलेली, अशी साधी तयारी मदतीला येते. आणि घरातील एका माणसाने, एकानेच, हात वर गेला की ठरलेल्या शब्दाने तिला आठवण करून द्यावयाची. सर्वांनी मिळून टोकू नये.

औषधांचे यश मर्यादित आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाने प्रौढांना लाभ झाल्याचे २००९ सालच्या चाचणीत दिसले, पण मुलांवरील २०१३ सालच्या चाचणीत तसे दिसले नाही. सोबत नैराश्य वा चिंता असेल तर त्यांवरील औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात.

शिक्षा म्हणून मुलीचे मुंडण करणारे पालक असतात. केस नसले म्हणजे खाणार काय, असा त्यांचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. केस पुन्हा वाढतात, मधल्या काळात बहिणीचे, बाहुलीचे वा लोकरीचे धागे तोंडात जाऊ शकतात, आणि झालेला अपमान मात्र विसरला जात नाही. तिच्याच इच्छेने केस आखूड कापून घेणे ही निराळी गोष्ट आहे. त्याचा उपयोग होतो.

खर्चाचा प्रश्न

आता विश्वस्त आणि देणगीदार यांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्यामुळे गरीब घरातील मुलीची शस्त्रक्रिया पैशाअभावी अडू नये. या शस्त्रक्रियेला महागडी उपकरणे वा परदेशी सुटे भागही लागत नाहीत. पण खाटेवरून उठून गेलेल्या रुग्णासाठी खाटांची योजना काय करणार? समुपदेशनाच्या दहा-बारा भेटी, त्यांसाठी बुडणारी आईची मजुरी, एस.टी.चे भाडे, हे कोणत्याच देयकात बसत नाही. दात्यांचा कल यंत्राकडे वा इमारतीकडे असतो, कारण त्यांवर नामफलक लावता येतो. प्रवासभाड्यावर फलक लागत नाही. तरीही या विकारात दुसरी शस्त्रक्रिया टाळणारा खर्च तोच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही, तेथील कुटुंबांना २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. त्याची चिठ्ठी टाके काढण्याच्या दिवशीच हाती दिलेली बरी.

घरी गेल्यावर आईवडिलांनी गोळा शोधत बसू नये. उशीवर, दप्तरात, अंथरुणाच्या कडेला केस सापडतात का, जेवण कमी झाले का, तोंडाला पुन्हा वास येतो का, एवढे न बोलता पाहावे. पहिली दोन वर्षे काही महिन्यांच्या अंतराने हिमोग्लोबिन व गरजेप्रमाणे सोनोग्राफी करावी. एखाद्या आठवड्यात पुन्हा केस उपटले गेले म्हणजे सारे वाया गेले असे नव्हे. त्या आठवड्याची वही घेऊन ठरलेल्या दिवशी भेटीस यावे.

राहता राहिली शाळा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे विरळ पट्टा झाकला जाण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि तेवढा काळ मुलीला वर्गात बसावयाचे असते. गणवेशाच्या नियमात डोक्याच्या रुमालाला जागा नसते व शाळा सुटण्याचे निमित्त कधी कधी एवढेच घडते. यास्तव वैद्यकीय समाजसेवकाने मुख्याध्यापकांच्या नावे, आजाराचा उल्लेख न करता, ‘वैद्यकीय कारणास्तव विद्यार्थिनीस डोक्यास रुमाल बांधण्याची परवानगी असावी’ असे एका ओळीचे पत्र रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी द्यावे आणि ते घरी जाण्याच्या कागदांबरोबरच लावून ठेवावे.